चौथा रॉड

१

पांढऱ्या कापडावर चार पिस्टन ओळीने मांडलेले होते. प्रत्येक पिस्टनसमोर त्याचा कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला वर-खाली ढकलणारा दांडा. पहिल्यासमोर होता, दुसऱ्यासमोर होता, तिसऱ्यासमोर होता. चौथ्यासमोर नुसतं कापड होतं, आणि त्यावर तेलाचा एक लांबट डाग.

"चौथा कुठे गेला?" मी विचारलं.

तपासणी शेडला कुलूप मीच लावलं होतं आणि किल्ली माझ्याच खिशात होती, तेव्हा सगळे जण माझ्याकडेच बघत होते.

मी मोटारशर्यत मंडळाचा चिटणीस. पत्रं लिहायची, माळ्याला ट्रॅककडेचं गवत कापायला लावायचं आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या, एवढंच माझं काम. आदल्या दिवशी मोसमातली शेवटची शर्यत झाली होती आणि अजिंक्यपद 'लोखंडवाल्यां'नी पटकावलं होतं. हे त्यांचं खरं नाव नव्हे. बाकीच्या सगळ्या संघांनी इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात पळतात ते घर, हलक्या अ‍ॅल्युमिनियमचा केला, तरी यांनी जुना, जड, बिडाच्या लोखंडाचा ब्लॉक काही सोडला नाही, म्हणून लोक चिडवायचे. पण शर्यत निम्म्यावर आली की हेच लोखंड सगळ्यांना मागे टाकून जायचं, आणि मग चिडवणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी व्हायची. मी स्वतः कितीदा कठड्याला धरून उभा राहिलोय! सरळ पट्ट्यावर ती गाडी समोरून गेली की तिचा आवाज कानांत नाही, बरगड्यांत ऐकू यायचा.

हे इंजिन एका बाईने बांधलं होतं. सगळा ट्रॅक तिला मावशी म्हणायचा, कारण गाडी चालवणारा मुलगा तिचा सख्खा भाचा होता. बहीण गेल्यावर तिनेच त्याला वाढवला.

दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या संघाचे मुख्य अभियंता म्हणजे प्राध्यापक. पूर्वी कॉलेजात शिकवायचे, अजूनही समोर बाकं आहेत असंच बोलतात. त्यांनी तक्रार गुदरली: या इंजिनात काहीतरी लपवलेलं आहे, ते पूर्ण खोला.

मंडळाच्या रिवाजाप्रमाणे शर्यत संपताच इंजिनाला लाखेचं सील लागलं आणि ते रात्रभर थंड व्हायला ठेवलं गेलं. आमचे मुख्य तपासनीस, ज्यांना सगळे मापाडीकाका म्हणतात, ते गरम इंजिनाला हात लावत नाहीत आणि लावू देत नाहीत. सकाळी त्यांनी सर्वांसमोर सील फोडलं आणि काचेच्या मापनळीतून थेंबाथेंबाने तेल सोडून पिस्टनच्या वरची जागा मोजली. ती जागा जितकी कमी, तितकं इंधन जास्त दाबलं जातं आणि तितका दणका मोठा. म्हणून ती अमुक एका मापाहून कमी असता कामा नये, असा नियम आहे. माप नियमात बसलं. मग इंजिनाचा सुटा भाग न् भाग टेबलावर मांडला, आणि जेवायला पांगलो. परत येतो तर हे.

प्राध्यापकांनी नियमावली काढली. मला वाटतं, ती त्यांना झोपेतही पाठ म्हणता येईल. "मोहोरबंद इंजिनाचा एकही भाग गहाळ झाल्यास ते इंजिन नियमबाह्य समजावं. म्हणजे चिटणीस, अजिंक्यपद रद्द."

मावशीने टेबलाची कड धरली. "इंजिन तुमच्या ताब्यात होतं. हरवलं तुम्ही, आणि पद माझ्या पोराचं जाणार?"

अध्यक्षांनी संध्याकाळी सभा बोलावली. तोवर रॉड मिळाला तर ठीक, नाहीतर पद गेलं. मापाडीकाकांनी लगेच पांढरे सुती हातमोजे चढवले आणि आम्हा सगळ्यांचे खिसे, पिशव्या, गाड्यांच्या डिक्क्या, सगळं स्वतः तपासलं. मलासुद्धा सोडलं नाही. वीतभर लांबीची वस्तू, पण कुठेच नाही.

मी बाहेर येऊन घरी फोन लावला. "ताई, जेवण झालं असेल तर जरा येता का? माझी नोकरी जायची वेळ आलीय."

२

ताई म्हणजे माझी मोठी मेहुणी. विमा कंपनीत तिने सारा जन्म नुकसानीच्या चौकशा करण्यात घालवला. जळालेली गोदामं, बुडालेल्या बोटी, चोरीला गेलेले दागिने. निवृत्त झाल्यावर महिनाभर आमच्याकडे राहायला आली होती आणि माझ्या बायकोच्या फ्रिजमधून काय गायब होतं त्याचीच चौकशी करत होती. चोर मीच होतो.

"काय जावईबापू," शेडमध्ये शिरताच ती म्हणाली, "कुलूप लावण्याआधी टेबलावर किती होते ते मोजलं होतंत?"

"नाही."

"म्हणजे तुम्ही कुलूप लावलंत तेव्हा तो आत होता की नव्हता, हेच ठाऊक नाही."

मी मान खाली घातली. खरं होतं. शेडमधून निघताना सगळ्यांचीच लगबग होती. प्राध्यापक आपली बॅग उचलत होते, भाचा जॅकेट शोधत होता, मावशी हात पुसत होती, मापाडीकाका आपल्या नळ्या आणि टॉवेल गोळा करून शेजारच्या मोजणीच्या खोलीत नेत होते. कुणीही उचलला असता.

ताई टेबलाशी गेली. मला विचारून तिने एक रॉड उचलला आणि तिचा हात नको तितका वर गेला. "अगं बाई! हा तर पिसासारखा आहे." मग तिने बाजूच्या ब्लॉकला कोपऱ्यातून ढकलून पाहिलं. तो तसूभरही हलला नाही. "शर्यतीच्या गाडीत वजन कमी असावं लागतं ना? मग ज्या बाईने रॉड इतका हलका केला, तिने हे धूड का ठेवलं?"

"सवय असेल," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला पुन्हा फ्रिज आठवला.

पहिली भेट प्राध्यापकांची. ते कॅन्टीनच्या कोपऱ्यात आलेखांचे कागद पसरून बसले होते.

"मी दोन मोसम या इंजिनामागे आहे," ते म्हणाले. "इंधन तपासलं, हवेचा मार्ग तपासला, धुराची नळी तपासली. काही नाही. पण हे बघा. सुरुवातीच्या फेऱ्यांत ते आमच्या मागे असतात. मग हळूहळू वेग वाढतो आणि आमचा कमी होतो. इंजिन तापलं की आतली कुठली तरी छुपी झडप उघडत असणार. आज ती सापडणारच होती."

"मग टेबलावर सापडली का झडप?"

प्राध्यापकांचा चेहरा पडला. "नाही. म्हणूनच म्हणतो, जे गायब झालं त्यातच ती होती."

"रॉड गायब झाल्याने फायदा मात्र तुमचा झाला."

"मला असलं अजिंक्यपद नकोय!" ते ताडकन म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून, कुणी ऐकत नाही ना ते बघून, पुढे बोलले. "बाई, माझ्याकडे तीस माणसं आहेत. प्रयोगशाळा आहे. तिच्याकडे एक शेड आहे आणि तो भाचा. कसं करते ती? मला एकदा कळू दे, मग खुशाल घ्या पद."

नाकाने कांदे सोलणारा माणूस एरवी कधी इतका केविलवाणा दिसला नव्हता. ताईने त्यांचा एक आलेख मागून घेतला. दारात पोचतो तोच त्यांनी मागून हाक मारली.

"त्या भाच्यालाही विचारा. पुढच्या मोसमात आमच्याकडे ये, असं मी त्याला परवाच म्हटलंय. त्याने अजून नाही म्हटलेलं नाही."

३

भाचा टायरांच्या ढिगावर बसला होता. काल सगळ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं, आज त्याच्या शेजारी कुणी बसायला तयार नव्हतं.

"हो, बोलावलं त्यांनी," तो म्हणाला. "मावशीला सांगितलं नाही अजून. सांगायचं धाडस होत नाही. पण म्हणून मी रॉड चोरेन? मी त्या गाडीत बसतो ताई. तुम्हाला नाही कळायचं ते."

"कळेल असं सांग."

"सुरुवातीला ती गाडी साधीच असते. जरा सुस्तच. मावशीची सक्त ताकीद आहे, उष्णतेचा काटा खुणेपर्यंत येत नाही तोवर पाय जपून ठेवायचा. मागे एकदा थंडीच्या दिवशी मी ऐकलं नाही, सुरुवातीपासूनच दामटली. काही उपयोग झाला नाही, मागेच राहिलो. पण एकदा का इंजिन तापलं..." त्याने दोन्ही हात पुढे धरले, स्टिअरिंग असल्यासारखे. "कुणीतरी पाठीमागून उचलून घेतल्यासारखं वाटतं. दर वेळी अंगावर काटा येतो. दर वेळी. मी हजारदा विचारलं, मावशी, आत काय आहे? ती म्हणते, तुला चालवायचंय ना? चालव."

मावशी मात्र ताकास तूर लागू देईना. गाडीच्या रिकाम्या पोटाशी ती एका खोक्यावर बसली होती. ताई दुसऱ्या खोक्यावर टेकली. दोघी एकाच वयाच्या, दोघींच्या चष्म्यांना दोऱ्या.

"माझ्या इंजिनात काही लपवलेलं नाही," मावशी म्हणाली. "सगळं तुमच्या टेबलावर उघडं पडलंय. बघा की."

"बघितलं. ब्लॉक लोखंडाचा, रॉड अ‍ॅल्युमिनियमचे. बाकीच्यांचं नेमकं उलटं असतं म्हणे. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आणि रॉड पोलादाचे."

मावशीने पहिल्यांदाच ताईकडे नीट पाहिलं. "ज्याचा त्याचा स्वभाव वेगळा असतो," ती सावकाश म्हणाली.

"माणसांचा?"

"कशाचाही."

ताई हसली. मग एकदम गंभीर झाली. "मावशी, एकच विचारते. गुपित फुटेल म्हणून तुम्ही रॉड उचलला असता, तर एकच उचलला असता?"

"वेड लागलंय का मला? चारही एकसारखे आहेत. एक लपवून काय होणार, तीन उरलेच ना!"

"हेच मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं," ताई म्हणाली आणि उठली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "म्हणजे तिने नाही घेतला."

"तिने नाही, प्राध्यापकांनीही नाही. नक्कल करायची तर रॉड टेबलावरच मोजून घेता आला असता, त्यासाठी चोरायला कशाला हवा? एकसारख्या चार वस्तूंतली एकच का नेतात, जावईबापू?"

"का?"

"तिच्यावर असं काहीतरी करायचं असतं, जे चारचौघांत करता येत नाही."

४

मोजणीची खोली म्हणजे मापाडीकाकांचं देवघरच. मापनळ्या उतरत्या उंचीने लावलेल्या, सूक्ष्ममापकं मखमलीच्या पेट्यांत, टेबलाच्या कोपऱ्यात लाख वितळवायची विजेची शेगडी. बाहेर गार वारा सुटला होता, तरी खिडकी सताड उघडी होती. काकांच्या हातांत अजून ते पांढरे मोजे होते.

"बसा बाई," ते म्हणाले आणि थर्मासमधला चहा ओतू लागले. मोज्यांसकट. कपाला कान असतानाही त्यांनी तो दोन्ही तळव्यांत धरून ताईपुढे केला, बोटं वर उचलून.

"तुम्ही हे काम किती दिवस करताय?"

"मंडळ निघालं तेव्हापासून. ही मोजायची पद्धत मीच बसवली." त्यांनी भिंतीवरच्या चौकटीकडे मान वळवली. तिथे मोजणीचा नियम लावलेला होता. "धातू गरम असला की फुगतो. गरम माप आज एक, उद्या दुसरं. म्हणून मोजायचं ते थंडच. आजवर कुणी माझ्या मापावर बोट ठेवलेलं नाही."

"आणि या इंजिनाचं माप बरोबर होतं?"

"चोख." ते थांबले. मग त्यांचा आवाज बदलला. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण तो आवाज माझ्या परिचयाचा नव्हता. "बाई, मी हजारो इंजिनं उघडली. सगळी माणसांनी बांधलेली असतात, चुका दिसतात, आळस दिसतो, कुठे कुठे लबाडी दिसते. हे इंजिन मात्र... एखाद्याला एवढं कसं सुचतं हो? इतकं साधं! डोळ्यांसमोर ठेवलेलं, आणि कुणाला दिसू नये!"

"तुम्हाला दिसलं वाटतं," ताई म्हणाली.

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "मला काय दिसणार? मी मापाडी. माप घेतो."

ताईने खोलभर एकवार नजर फिरवली आणि मला घेऊन बाहेर पडली. भिंतीआड येताच तिने माझा दंड धरला. "लाखेचा वास मला चांगला ठाऊक आहे. आमच्या कचेरीत पाकिटांना लावायचो. त्या खोलीत लाखेचा वास आला का?"

"नाही. तेलाचा आला. तापलेल्या तेलाचा."

"तुम्ही अगदीच वाया गेलेले नाही आहात," ती म्हणाली. मला वाटलं, आता सरळ अध्यक्षांकडे जाणार. पण ती गेली मावशीकडे, आणि मला चार पावलं लांब उभं केलं. दोघींचं बोलणं हळू आवाजात झालं, पण शेवटचं मला ऐकू आलं.

"चोर दाखवायचा तर त्याने का चोरला ते सांगावं लागेल. आणि ते सांगायचं तर तुमचं गुपित सगळ्यांसमोर फोडावं लागेल. नाही फोडलं तर पद जाईल. सांगू का?"

मावशीने टायरांच्या ढिगाकडे पाहिलं. भाचा तिथेच, तसाच बसला होता.

"सांगा," ती म्हणाली.

५

तपासणी शेडमध्येच भरलेल्या सभेला खुर्च्या पुरेनात. अध्यक्ष मधोमध, एका बाजूला प्राध्यापक आणि त्यांची माणसं, दुसऱ्या बाजूला मावशी आणि भाचा. मापाडीकाका टेबलाच्या टोकाशी, मोजे घातलेले हात मांडीवर ठेवून.

ताई उभी राहिली. "घरात काचेच्या बरणीचं पत्र्याचं झाकण घट्ट बसलं की तुम्ही काय करता?"

अध्यक्ष गोंधळले. "गरम पाण्याखाली धरतो."

"का सुटतं ते?"

"पत्रा काचेपेक्षा जास्त फुगतो, म्हणून."

"झालं! हेच ते इंजिन." तिने एक रॉड उचलला. "अ‍ॅल्युमिनियम तापलं की फार वाढतं. लोखंड कमी वाढतं. प्राध्यापक, तुमचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आणि रॉड पोलादाचे. इंजिन तापलं की बाहेरचं घर जास्त वाढतं, आतला रॉड कमी. मग पिस्टन वरपर्यंत पोचत नाही आणि वरची जागा मोठी होते. म्हणजे शर्यत रंगात आली की तुमचं इंजिन सैल पडतं. मावशींचं घर लोखंडाचं आणि रॉड अ‍ॅल्युमिनियमचा. तापलं की घर जवळजवळ तेवढंच राहतं, रॉड वाढतो, पिस्टन आणखी वर जातो आणि जागा कमी होते. यांचं इंजिन तापलं की घट्ट होतं. छुपी झडप वगैरे काही नाही. ज्या वजनावरून तुम्ही हसत होतात, तेच त्यांचं बळ आहे."

मी प्राध्यापकांकडे बघत होतो. त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग तोंडावर हात ठेवला. मग ते उभे राहिले, मावशीकडे वळले, आणि पुन्हा खाली बसले. पहिल्या बाकावरचा हुशार विद्यार्थी हरला की असाच बसतो. इतके दिवस आम्ही सगळे त्या धुडाला हसलो होतो.

"आता चोरीबद्दल," ताई म्हणाली. "एकच रॉड गेला. लपवायला नाही, कारण तीन उरले. नक्कल करायला नाही, कारण त्याला चोरायची गरज नव्हती. मग एकाच रॉडचं काय करायचं असेल? तो तापवून बघायचा असेल. खरंच वाढतो का, किती वाढतो. हे टेबलावर सर्वांसमोर करता येत नाही, कारण इथे गरम वस्तूला हात लावायचा नाही असा नियम आहे. काका, आज दिवसभरात तुमच्या कामात गरम असं काही नव्हतं. इंजिन कालपासून थंड आहे. मग तुमच्या खोलीत तापलेल्या तेलाचा वास कसा, आणि चहाचा कप बोटं वर उचलून का धरलात? हातमोजे काढून दाखवता का?"

मापाडीकाका हलले नाहीत. अध्यक्ष काही बोलणार, एवढ्यात काकांनीच एकेक मोजा ओढून काढला. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याशेजारची बोटं टरारून फुगली होती.

"आम्हा सगळ्यांना त्यांनी तपासलं," ताई हळू आवाजात म्हणाली. "त्यांना कुणी तपासलं नाही."

काका उठले आणि मोजणीच्या खोलीतून मखमलीची एक लांबट पेटी घेऊन आले. आत टॉवेलमध्ये गुंडाळलेला रॉड होता. त्यांनी तो कापडावर, आपल्या पिस्टनसमोर ठेवला, अगदी सरळ रेषेत.

"सकाळी माप घेतलं तेव्हा लोखंडाच्या शेजारी हे रॉड पाहिले, आणि एकदम डोक्यात उजेड पडला," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी थंड मोजतोय आणि शर्यत तर गरम इंजिनावर चालते! मला राहवेना हो. उघड विचारलं असतं तर हिचं गुपित फुटलं असतं, आणि ते माझं नव्हतं. म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत तेलात तापवून मोजीन आणि कुलूप उघडताच सगळ्यांआधी परत ठेवीन. मोजला. डोळ्यांसमोर वाढला तो! मी हातात सूक्ष्ममापक घेऊन उभा होतो आणि तो वाढत होता. त्या भरात बोटं भाजली तेसुद्धा नंतर कळलं."

"मग परत का नाही ठेवला?" अध्यक्षांनी विचारलं.

"गरम होता. कापडावर ठेवला असता तर डाग पडला असता, हात लावणाऱ्याला कळलं असतं. थंड व्हायची वाट बघत बसलो. तेवढ्यात तुम्ही सगळे परत आलात."

"पाण्यात बुडवायचा!" प्राध्यापकांच्या माणसांतलं कुणीतरी म्हणालं.

काका त्याच्याकडे रागाने वळले. "वाकडा झाला असता. दुसऱ्याच्या हातचं असलं काम मी बिघडवीन? नंतर आरडाओरड झाली आणि माझी जीभ उचलली नाही. दिवसभर या बाईचं पद माझ्यामुळे टांगणीला लागलं आणि मी खिसे तपासत फिरलो. याची लाज वाटते, दुसऱ्या कशाची नाही."

अध्यक्षांनी घसा साफ केला. "रॉड मिळाला. पण प्रश्न राहतोच. गरम असताना जागा मापाहून कमी होते. मग हे इंजिन नियमात बसतं की नाही? हे सांगायचा अधिकार मुख्य तपासनिसांचा."

सगळ्यांच्या माना पुन्हा काकांकडे वळल्या. नाही म्हणून ते आपली बाजू सावरू शकले असते. 'पद्धत माझी बरोबर होती, बाईने तिला फसवलं,' एवढं म्हटलं तरी पुरलं असतं. मावशीने भाच्याचा हात घट्ट पकडला होता.

"नियम मी लिहिला," काका म्हणाले. "माप थंड इंजिनाचं, असं माझ्याच हाताने लिहिलंय. त्या मापाला हे इंजिन चोख आहे. चूक असेल तर ती माझ्या नियमात आहे, हिच्या इंजिनात नाही." त्यांनी खिशातून मंडळाचा शिक्का काढला आणि अध्यक्षांसमोर ठेवला. "आणि चोराने हा वापरू नये."

सगळ्यांनी प्राध्यापकांकडे पाहिलं. त्यांनी आपली तक्रार पुढे ओढली, चार तुकडे केले आणि सर्वांत आधी टाळी वाजवली.

६

आवार रिकामं होत होतं. भाच्याला पुन्हा एकदा खांद्यावर घेऊन पोरं गेटाकडे निघाली होती. मापाडीकाका आपल्या पेट्या उचलून शेडच्या पायरीपर्यंत आले, आणि मावशी त्यांच्या वाटेत उभी राहिली. मी पुढे धावलो. मला वाटलं, आता ही बाई त्यांना सोलून काढणार.

ती म्हणाली, "किती?"

"काय किती?"

"किती वाढला? शेवटी कुठे थांबला?"

काकांच्या डोळ्यांत पुन्हा ती चमक आली. "नुसत्या हिशेबाने धरलं होतंत ना तुम्ही? मोजलं नव्हतंत?"

"तापवून कोण मोजतं? तुम्हीच नको म्हणून शिकवलंत सगळ्यांना. धातूच्या पुस्तकात जे लिहिलंय, त्यावरून मांडलं. एकावर एक दोन केस ठेवले तर जेवढं होईल, तेवढं."

"तीन," काका म्हणाले. "रॉड जितका तापतो तितकाच तापवला होता, पुन्हा पुन्हा मोजला. तीनच. तुमचा धातू पुस्तकातल्यापेक्षा जास्त वाढतो."

मावशीचे ओठ नुसतेच हलत होते, मनातल्या मनात वजाबाकी चालली होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत पांढरा पडला.

"मी वर जागा किती सोडली होती, ठाऊक आहे ना तुम्हाला?" ती म्हणाली.

"सकाळी मीच मोजली. म्हणून तर थंड व्हायची वाट बघताना वजाबाकी पुन्हा पुन्हा करून पाहिली. कागदसुद्धा सरकला नसता मध्ये." काका अगदी हळू बोलत होते. "पिस्टन इंजिनाच्या वरच्या झाकणाला टेकला असता तर इंजिनाचे तुकडे झाले असते. त्या वेगाला."

कालची ती शेवटची फेरी मला आठवली. आम्ही कठड्यावर नाचत होतो, टोप्या उडवत होतो. तो सरळ पट्ट्यावरून झेपावत आला तेव्हा मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला होता. आणि त्या मुलाच्या पायांपुढे, त्या आवाजाच्या आत, मध्ये कागदही मावला नसता. मला कठडा धरावासा वाटला, पण तिथे कठडा नव्हता.

मावशी पायरीवर बसली. मग कुणालाही न विचारता शेडमध्ये गेली. पांढऱ्या कापडाची चारही टोकं तिने उचलली, रॉड आणि पिस्टन आत घेऊन गाठ मारली, आणि ते गाठोडं मापाडीकाकांच्या हातांत दिलं.

"हे इंजिन आता जोडायचं नाही," ती म्हणाली. "नवं बांधायचंय. सोमवारी माझ्या शेडवर या. मला गरम मोजणारा माणूस हवा आहे."

"मी चोर आहे, मावशी."

"चोरलंत म्हणून तर कळलं मला." तिने डोळ्यांना पदर लावला आणि गेटाकडे पाहून मोठ्याने हाक मारली.

भाचा धापा टाकत पळत आला. गळ्यात हार, केस विस्कटलेले, हसू ओठांत मावत नव्हतं. मावशीने त्याला जवळ ओढलं, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ नुसतं बघत राहिली. मग त्याचे खांदे, दंड, हात चाचपून पाहिले, तो लहानपणी झाडावरून पडला असेल तेव्हा पाहिले असतील तसे.

"काय झालं गं?" त्याने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "तू त्या प्राध्यापकांकडे जाणार असशील तर जा हो. मी रागावणार नाही."

"मी कुठे जाणार? असलं इंजिन आहे का कुणाकडे?"

मावशीला रडू फुटलं. त्याला वाटलं, ती अजिंक्यपदामुळे रडतेय, आणि तो तिला थोपटत म्हणाला, "अगं, मिळालं ना आता!"

ताई, काका आणि मी, आम्ही तिघं तिथेच उभे होतो. त्याला खरं काय ते आमच्यापैकी कुणीच सांगितलं नाही.